तोंडावरूनच कळतंय?

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास आपल्या गावाच्या ग्रुपवर एक फोटो आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलाय. लेण्यांच्या पायऱ्यांखाली, पार्किंगच्या कडेला उभा असलेला एक माणूस. दाढी वाढलेली, डोक्याला फडकं, खांद्यावर मोठं बोचकं. खाली मजकूर होता : 'हा इसम दोन दिवस गावात फिरतोय. पोरांना सांभाळा. तोंडावरूनच कळतंय काय आहे ते. पुढे पाठवा.'

दहा मिनिटांत तो फोटो भाज्यातून पाटणला, बोरजला, कार्ल्याला पोचला. सव्वादहाला मळवली स्टेशनवर पंधरावीस पोरांनी त्या माणसाला अडवलं. त्याने आधार कार्ड दाखवलं. एक जण म्हणाला, खोटं असेल. दुसऱ्याने बोचकं उलटं केलं. आत घोंगड्या होत्या. विकायला आणलेल्या. तरी एकाने त्याच्या कानाखाली वाजवली होतीच.

मला एका दुकानदाराचा फोन आला म्हणून मी गेलो, पोलीस पाटीलही आले. माणूस वाचला. पहाटेच्या लोकलने निघून गेला. दोन घोंगड्या चिखलात पडल्या होत्या, त्या त्याने झटकून परत बांधल्या. कुणाला काही बोलला नाही.

मी हे लिहिणार नव्हतो. पण काल दिवसभर मला जे मेसेज आले त्यात एक वाक्य सारखं येतंय : 'दादा, यावेळी चूक झाली असेल, पण असल्यांची मानसिकताच गुन्हेगारी असते, विज्ञानानेच सांगितलंय.' एकाने तर परदेशी वेब सिरीजचं नाव घेऊन सांगितलं की तिकडचे पोलीस माणसाची नुसती प्रोफाइल बनवतात आणि गुन्हेगार पकडतात. म्हणून हे लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी 'तोंडावरून कळतं' याबद्दल. हे खरोखर एकेकाळी विज्ञान म्हणून शिकवलं जायचं. इटलीत चेझारे लोम्ब्रोसो नावाचा डॉक्टर होता. त्याने एका दरोडेखोराची कवटी तपासली आणि १८७६ साली पुस्तक लिहून मांडलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात. पुढे आलेला जबडा, मोठे कान, लांब हात, ही म्हणे त्यांची लक्षणं. पुढच्या संशोधकांनी तुरुंगातली आणि बाहेरची माणसं शेजारी शेजारी ठेवून मोजमापं घेतली, तेव्हा तसा काही फरकच निघेना. सिद्धांत मोडला. पण सवय मोडली नाही.

आपल्याकडे तर त्याच्याही आधी, १८७१ साली, इंग्रजांनी कायदाच केला. गुन्हेगार जमाती कायदा. म्हणजे माणसाने काही करायची गरजच नाही. तो अमुक जमातीत जन्मला एवढं पुरे. नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. देश १९४७ ला स्वतंत्र झाला. हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे आपण १५ ऑगस्टला झेंडा फडकवत होतो आणि त्यानंतर पाच वर्षं काही माणसं हजेरी लावत होती. म्हणून आजही ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलंय त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आपण टाळ्या वाजवल्या, आणि गावात चोरी झाली की पुन्हा पालांकडे बोट दाखवायला लागलो.

कागदावरून कायदा गेला तरी तो डोक्यातून जात नाही, याचा दाखला फार जुना नाही. जून २००३, नाशिक जिल्हा. शेतात राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा खून, बलात्कार, लूट. संताप येणारच असा गुन्हा. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच सुनावली.

आणि मग ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? तर त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईने अगदी सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं वेगळीच होती. त्यांचा तपासच झाला नाही. कोर्टाने निकालात म्हटलंय की ही माणसं भटक्या जमातीतली, समाजाच्या तळातली, गरीब मजूर होती आणि त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं तुरुंगात, त्यातली बरीच फाशीच्या सावलीत. त्यांच्यातला एक जण तर पकडला तेव्हा अल्पवयीन होता, हे मागाहून मान्य झालं.

आता मला सांगा, ज्यांनी खरंच ते खून केले त्यांचं काय झालं? ते सुटले. 'तोंडावरून कळतं' या पद्धतीचा हा दुसरा तोटा, जो आपण मोजतच नाही. निरपराध आत जातो तेव्हा अपराधी बाहेर राहतो.

दुसऱ्यांना शिकवायच्या आधी स्वतःचं सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. विसापूरच्या पायथ्याला मुंबईच्या एका साहेबांचा बंगला आहे, तिथे चोरी झाली. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, टीव्ही, बाथरूममधले महागडे नळ. त्या दिवसांत मळवलीच्या पुढे रुळांच्या कडेला तीन-चार पालं पडली होती. सुया, पोत, मणी विकणारी माणसं. मला पोलिसांकडून अर्धवट काहीतरी कळलं, उरलेलं मी स्वतः भरलं आणि बातमी पाठवली. मथळा होता : 'बंगला फोडला, पारधी टोळीवर संशय'. ती माणसं पारधी आहेत की आणखी कोण, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. डिप्लोमाच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, आरोप करण्याआधी दुसरी बाजू घ्या. पालात जाऊन दुसरी बाजू कोण घेतो?

दोघांना उचललं. तीन दिवसांनी सोडलं. चौथ्या दिवशी त्यातल्या एकाची बायको मला शोधत चौकात आली. पेपरचं कात्रण तिच्या हातात होतं, तिला वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवलं होतं. तिने मला एकच विचारलं, "दादा, तुम्ही आमचं नाव कुठनं आणलं?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पालं उठली होती.

तीन आठवड्यांनी खरा चोर सापडला. त्या बंगल्याचं विजेचं काम करणारा, आपल्याच पट्ट्यातला, चांगल्या घरातला मुलगा. ऑनलाइन जुगारात पैसे हरला होता. मी त्याची बातमी दिली, दोन परिच्छेदांची, आतल्या पानावर. त्यात त्याच्या जातीचा उल्लेख नव्हता. तेव्हा ते मला खटकलंही नाही.

पण या चोरीतच एक गंमत आहे, आणि खरी प्रोफाइलिंग म्हणजे काय ते तिच्यातून कळतं. मी नंतर पंचनामा पाहिला. कुलूप तुटलं नव्हतं. चोरी सोमवारी रात्री झाली होती, म्हणजे शनिवार-रविवारची पाहुणेमंडळी गेल्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ओढून नेल्या नव्हत्या. वायरी व्यवस्थित सोडवून त्यांच्या उघड्या टोकांना टेप गुंडाळला होता. आता चोरी करून पळणारा माणूस वायरीला टेप कशाला गुंडाळेल? ज्याच्या हाताला ती सवय आहे तोच. त्याचा हात आपोआप ते करून गेला.

बघा, किती माहिती होती तिथे. आत यायची सोय असलेला, बंगल्याचा दिनक्रम माहीत असलेला, विजेचं काम येणारा. हे सगळं घटनास्थळावर लिहिलेलं होतं. ते वाचायचं सोडून आम्ही पालांकडे बघत बसलो. गुन्हेगाराची प्रोफाइल त्याने काय केलं, कसं केलं, केव्हा केलं यावरून काढायची असते. जवळपास कोण गरीब राहतं यावरून नाही.

आता सिरीजवाल्यांसाठी. प्रोफाइलिंगची सगळ्यात गाजलेली जुनी गोष्ट न्यूयॉर्कची. एक माणूस १९४० पासून अनेक वर्षं शहरात ठिकठिकाणी बॉम्ब ठेवत होता. पोलीस हतबल. १९५६ साली त्यांनी जेम्स ब्रसेल या मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतला. त्याने गुन्हेगाराचं वर्णन केलं, अगदी तो कोणत्या पद्धतीचा कोट घालत असेल इथपर्यंत. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला माणूस सापडला आणि डॉक्टरांचा जगभर बोलबाला झाला. पण तो सापडला कसा? ज्या वीज कंपनीवर त्याचा राग होता तिथल्या एका कारकून बाईने जुन्या तक्रारींच्या फायली उपसल्या. कामावर जखमी झालेल्या आणि भरपाई नाकारलेल्या एका माजी कामगाराच्या पत्रातली भाषा बॉम्बवाल्याच्या पत्रांशी जुळली. डॉक्टर प्रसिद्ध झाले. त्या बाईंचं नाव किती जणांना माहीत आहे? अ‍ॅलिस केली.

आपल्या मुंबईचंही तसंच. रमण राघव. १९६५-६६ ला आणि पुन्हा १९६८ ला त्याने झोपड्यांतली, फूटपाथवरची झोपलेली माणसं डोक्यात घाव घालून मारली. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपास पाहत होते. २७ ऑगस्ट १९६८ ला त्याला पकडलं ते अ‍ॅलेक्स फियालो या फौजदाराने. त्याच्या मनाचा नकाशा काढून नव्हे. आधीच्या वेळी संशयावरून पकडला असताना त्याची नोंद झाली होती, फोटो होता. त्या आधारावर फियालोंनी रस्त्यात त्याला ओळखलं, मग बोटांचे ठसे जुळवले. जुनी नोंद, सावध डोळे आणि ठसे.

आणि प्रोफाइलवर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं? १९९२ साली लंडनच्या एका मैदानात एका तरुण आईचा तिच्या लहानग्यासमोर खून झाला. मानसशास्त्रज्ञाने प्रोफाइल बनवली. ती एका एकलकोंड्या तरुणाला लागू पडते असं पोलिसांना वाटलं. पुरावा नव्हता, म्हणून त्याच्याशी प्रेमाचं नाटक करायला एक महिला पोलीस पाठवली. महिनोन् महिने. त्याने कबुली दिली नाही ती नाहीच. १९९४ ला न्यायाधीशाने पोलिसांना झापून खटला फेकून दिला. खरा खुनी डीएनएवरून निघाला, २००८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. तो दुसराच होता, आणि मधल्या काळात, १९९३ साली, त्याने आणखी एक आई आणि तिची चार वर्षांची मुलगी मारली होती. पुन्हा तेच. चुकीच्या माणसामागे लागले, तोवर खरा मोकळा फिरत होता.

पुण्यातलाही एक दाखला आहे. २००८ साली पुण्याच्या कोर्टात एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप झाली. इतर पुराव्यांसोबत एका मेंदूच्या चाचणीचा अहवालही त्यात धरला गेला. डोक्याला तारा लावायच्या, गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि मेंदूच्या लहरींवरून यंत्र सांगणार की हा अनुभव तिच्या आठवणीत आहे की नाही. जगभर त्याची चर्चा झाली, कारण असा अहवाल इतर देशांत कोर्ट पुरावा म्हणून घेत नव्हतं. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. आणि ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात स्पष्ट सांगितलं की नार्को, लाय डिटेक्टर आणि ही मेंदूची चाचणी, तिन्ही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. दरवेळी गुन्हा झाला की 'नार्को करा' म्हणून कमेंट टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग मानसशास्त्राचा काहीच उपयोग नाही का? आहे. भरपूर आहे. पण 'कोण' हे शोधायला कमी, 'का' हे समजायला जास्त.

रमण राघवचंच घ्या. तो सापडला फायलीमुळे. पण त्याला फाशी द्यायची की नाही, हा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञांनीच सोडवला. उच्च न्यायालयाने तज्ज्ञांचं मंडळ नेमलं. त्याला स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार असल्याचं त्यांनी सांगितलं, आणि फाशीची जन्मठेप झाली. तो येरवड्यात राहिला आणि १९९५ मध्ये ससूनमध्ये वारला. आपला कायदाही हा विचार करतो. जुन्या दंडविधानाचं कलम ८४, आताच्या न्याय संहितेचं कलम २२. आपण काय करतोय हेच ज्याला आजारामुळे कळत नव्हतं त्याला शिक्षा नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तर असंही सांगितलं की फाशी सुनावण्याआधी आरोपीची पार्श्वभूमी आणि मानसिक स्थिती यांचा अहवाल कोर्टासमोर आला पाहिजे.

पण इथेच आपण दुसरी चूक करतो. एका बाजूला 'त्या जातीचाच असणार' आणि दुसऱ्या बाजूला 'सायको असणार'. आम्ही पेपरवाले त्यात आघाडीवर. माथेफिरू, विकृत, नराधम, सैतान. हे शब्द मीही शेकडो वेळा छापलेत. लिहायला सोपे, वाचायला चटकदार. पण ते छापून मी वाचकाला नेमकं काय सांगतो? की हा माणूस आपल्यातला नाही. हा वेगळ्याच जातकुळीचा प्राणी आहे. तुम्ही निर्धास्त राहा.

पुण्याला हे फार जवळून कळायला हवं होतं. जोशी-अभ्यंकर खून. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा माणसं मारली गेली. घरात शिरून, नायलॉनच्या दोरीने गळे आवळून. अख्खं पुणं संध्याकाळी दारं लावून बसायचं, हे माझ्या वडिलांनी मला सांगितलंय. लोक म्हणत होते, बाहेरची टोळी असणार, कुणी राक्षस असणार. निघाले कोण? टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शहा. पहिला बळी त्यांच्याच ओळखीचा, कॉलेजातला मुलगा. तोंडावरून काय कळणार होतं? हातात ब्रश घेतलेली, हॉटेलात चहा पिणारी पोरं. ती सापडली कशी? शेवटचा मृतदेह नदीत वर आला आणि चौकशीत त्यांच्या जबान्या एकमेकींशी जुळेनात तेव्हा. २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. मुनव्वर शहाने तुरुंगात आत्मकथा लिहिली. आपण का केलं याचं एक सरळ उत्तर त्या चौघांपैकी कुणालाच चिकटवता येत नाही. दारू होती, झटपट पैशाची हाव होती, एकमेकांना चढवणारी संगत होती, पहिल्यांदा पचलं म्हणून आलेली धिटाई होती. यातलं एकेक घेतलं तर आपल्या चौकात संध्याकाळी बसणाऱ्या कितीतरी पोरांना लागू पडेल. ती सगळी खुनी होत नाहीत. म्हणून तर मानसशास्त्रज्ञ जपून बोलतात. कोणत्या गोष्टींनी धोका वाढतो हे ते सांगू शकतात, अमुक माणूस गुन्हा करणारच हे सांगू शकत नाहीत.

आणि मनोरुग्णांबद्दल एक सरळ गोष्ट. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणाच्या वाटेला जात नाहीत, उलट मार त्यांनाच पडतो. आपल्या स्टेशनवर, एकवीरेच्या वाटेवर अशी माणसं दिसतात. कुणी बडबडत असतं, कुणी कचऱ्यात काही शोधत असतं. 'सायको फिरतोय' असा मेसेज टाकला की पहिला दगड त्यांनाच लागतो.

मावळात राहणाऱ्या कुणालाही २०२२ चा ऑगस्ट विसरता येणार नाही. पवन मावळातल्या एका गावातली लहान मुलगी. गावाचं नाव लिहीत नाही. पोक्सो कायद्याने पीडित मुलाची ओळख उघड करायची नसते, आणि त्या आईबापाला तेवढा तरी निवारा आपण द्यायला हवा. मी त्या वेळी तिथे गेलो होतो. २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली. तो कोण होता? कुणी बोचकंवाला नव्हता, पालातला नव्हता, परप्रांतीय नव्हता. गावातलाच होता.

हे अपवाद नाही. सरकारचा गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी आकडे छापतो. बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, ओळखीचा, कामावरचा. म्हणजे अनोळखी माणसाचा फोटो फिरवून आपण जिथे धोका कमी आहे तिकडे सगळं लक्ष वळवतो, आणि जिथे जास्त आहे तिथे पाठ करून बसतो. पोरगी एखाद्या काकाकडे जायला नको म्हणते तेव्हा आपण तिलाच ओरडतो, 'असं बोलू नये.' आणि घोंगडीवाल्याला मात्र वीस जण मिळून पकडतो.

कुणी म्हणेल, सावध राहण्यात वाईट काय? काही नाही. पण सावधपणा आणि झुंड यात फरक आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. लोकांनी त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारून टाकलं. पाचही जणांना. ज्यांनी मारलं ते जन्मजात गुन्हेगार होते? सायको होते? शेतकरी होते, मजूर होते, बापमाणसं होती. एकेकटी असती तर त्यातल्या बहुतेकांनी कुणाला बोटही लावलं नसतं. गर्दीत माणसाला वाटतं, मी एकट्याने थोडंच मारलं. गुन्ह्याचं मानसशास्त्र शिकायचं असेल तर मला वाटतं सुरुवात इथून करावी. मोबाइलवर आलेला फोटो, खाली 'पुढे पाठवा', मनात आधीपासून बसलेली भीती आणि सोबतीला वीस जण. परवा मळवली स्टेशनवर यातलं काय कमी होतं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये जातीवरून कामं वाटली जात होती, विमुक्त जमातींच्या लोकांना सवयीचे गुन्हेगार मानलं जात होतं. ते सगळं घटनाबाह्य ठरवलं. ही याचिका सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकाराने केली होती, स्वतःच्या बातमीच्या आधारावर. एका पत्रकाराच्या बातमीने दीडशे वर्षांचा डाग थोडा पुसला गेला. आणि माझ्या एका मथळ्याने चार पालं उठली. दोन्ही पत्रकारिताच. मी तेव्हापासून बातमीत आरोपीची जात-जमात लिहीत नाही. 'टोळी' हा शब्द पोलिसांनी कागदावर दिल्याशिवाय वापरत नाही. एवढ्याने त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, हे मला माहीत आहे.

आता कामाचं. ग्रुपच्या अ‍ॅडमिन मंडळींना माझी विनंती आहे, माणसाचा फोटो टाकून 'संशयित' म्हणणारा कुठलाही मेसेज पोलीस पाटलांना विचारल्याशिवाय ठेवू नका. कुणावर खरंच संशय आला तर ११२ ला फोन करा. तो काय करत होता ते सांगा. कसा दिसत होता यावर कथा रचू नका. घरात, शेजारात कुणाच्या डोक्यात काही बिघडतंय असं वाटलं, कुणी दारूच्या किंवा मोबाइल जुगाराच्या पार आहारी गेलंय असं दिसलं, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गुन्हा होण्याआधी मानसशास्त्राचा उपयोग करायचा तर तो इथे आहे. आणि लेकरांना अनोळखी माणसाची भीती घालता त्याच्या निम्म्याने तरी, ओळखीच्या माणसाबद्दल ते काही सांगत असतील तर ऐकून घ्या.

विसापूर-लोहगडाला पावसाळी गर्दी सुरू झालीय. धबधब्यावर शनिवार-रविवारी हजारो अनोळखी माणसं येतात. गाडीतून उतरणाऱ्या एकाचाही फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही. त्यांच्यातले किती जण दारू पिऊन काय काय करतात हे आपण सगळे पाहतो. पण फोटो निघतो पायी आलेल्या, बोचकंवाल्याचा. आपण नक्की कशाला घाबरतो, याचा एकदा विचार करा.

अ‍ॅडमिनने काल दुपारी तो फोटो ग्रुपवरून काढला. पण तो अजून कित्येकांच्या मोबाइलमध्ये आहे, माझ्याही होता. मी पुसला. तुम्हीही पुसा. आणि ज्याने कानाखाली मारली त्याला मी ओळखतो, चांगला मुलगा आहे. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. पण तो हे वाचत असेल तर त्याने एकदा येऊन भेटावं. त्या माणसाच्या आधारवरचं गाव माझ्या लक्षात आहे. दोन घोंगड्यांचे पैसे पाठवायचेत.